गटबकेट म्हणजे नेमकं काय? आतड्यांची बादली, दारूची बादली, की आणखी काही?

सांजपाखरू

नमस्कार मंडळी,

आम्ही पंधरा-वीस जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणा एकाच्या घरी जमून जुन्या तबकड्या ऐकतो. आजवर नाट्यसंगीत झालं, लावण्या झाल्या, बेगम अख्तर तर तीनदा झाल्या. पुढची बैठक माझ्याकडे आहे आणि मी जॅझ लावणार आहे. आमच्यातल्या बहुतेकांनी जॅझ ऐकलंय ते हॉटेलात जेवताना मागे हळू आवाजात वाजणारं, गुळगुळीत. मला त्यांना अगदी दुसऱ्या टोकाचं काहीतरी ऐकवायचंय.

म्हणून 12 नोव्हेंबर 1925 या दिवसाची शिकागोतली ध्वनिमुद्रणं निवडलीत. लुई आर्मस्ट्राँग तेव्हा 24 वर्षांचा. दुसऱ्यांच्या बँडमध्ये बसून त्याने आधी पुष्कळ वाजवलं होतं, पण स्वतःचा बँड घेऊन ओके या तबकड्यांच्या कंपनीसाठी तो त्या दिवशी पहिल्यांदाच उभा राहिला. बँडचं नाव हॉट फाइव्ह. कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य) तो स्वतः, ट्रॉम्बोनवर किड ओरी, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, बँजोवर जॉनी सेंट सीर आणि पियानोवर लुईची बायको लिल हार्डिन. ड्रम नाही, बास नाही. त्या दिवशी तीन तुकडे झाले आणि त्यातल्या एकाचं नाव 'गट बकेट ब्लूज'.

हे गाणं मी गेल्या महिन्यात किती वेळा ऐकलं ते मोजलेलं नाही. त्यात शब्द असे नाहीतच. वाजवता वाजवता लुई एकेकाला नावाने हाक मारतो, वाजव म्हणून चढवतो, आणि तो तो वादक पुढे येतो. घरच्या बायकोलाही 'मिस लिल' म्हणून पुकारतो. लुईची ओळख मात्र दुसराच एक जण करून देतो, कारण तेव्हा त्याच्या ओठांवर कॉर्नेट असते. ऐकताना वाटतं, आपण त्यांच्यातच कोपऱ्यात खुर्ची ओढून बसलोय.

अडचण आहे ती नावाची. 'गटबकेट' हा शब्द पुढे अख्ख्या शैलीला चिकटला. रांगडं, घोगरं, गोंगाटी, अंगावर येणारं जॅझ म्हणजे गटबकेट. कोशात पाहिलं तर 'बॅरलहाऊस पद्धतीचं, आघातांवर जोर देऊन वाजवलेलं जॅझ' असं निघालं. म्हणजे एका न कळलेल्या शब्दासाठी दुसरा न कळलेला शब्द. फोड करावी तर 'गट' म्हणजे आतडं आणि 'बकेट' म्हणजे बादली. गाण्याला आतड्यांची बादली हे नाव का द्यावं?

श्रोत्यांना हे दोन-तीन वाक्यांत सांगायचंय, आणि चुकीचं सांगायचं नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी.

शब्दवेल्हाळ

या शब्दाच्या बाबतीत एक साक्ष थेट त्या खोलीतली आहे, म्हणून आधी ती मांडतो.

बँजोवादक जॉनी सेंट सीरने बऱ्याच वर्षांनी त्या दिवसाची आठवण सांगितली आहे. ओकेच्या माणसाला एक ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या दुःखगीतांच्या धाटणीचा तुकडा, हवा होता. तयार काही नव्हतं, म्हणून तिथल्या तिथे जमवला. नाव काय लिहायचं असं विचारल्यावर लुईने 'गट बकेट ब्लूज' म्हणून सांगितलं. म्हणजे काय, हे विचारल्यावर मात्र त्याला धड उत्तर देता येईना. मनात आलं ते बोललो, एवढंच.

अर्थ सांगितला तो सेंट सीरने. न्यू ऑर्लिन्सच्या मासळीबाजारात मासे साफ करणाऱ्यांच्या टेबलाखाली एक मोठी बादली असते. सुरीने पोट फाडायचं आणि आतली घाण त्या बादलीत ओढून टाकायची. ती गटबकेट. आणि गाण्याच्या बाबतीत अर्थ काय, तर अगदी तळातला, खालच्या थरातला ब्लूज.

आता या साक्षीचं वजन किती? सेंट सीर 1890 चा जन्मलेला, न्यू ऑर्लिन्सचाच. भिंतींना गिलावा करण्याचं काम करायचा आणि बँजो वाजवायचा. गावाची बोली त्याच्या तोंडातली होती आणि त्या दिवशी तो लुईपासून हाताच्या अंतरावर होता. म्हणून मी ती साक्ष वरच्या जागी ठेवतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, आठवण बऱ्याच वर्षांनंतरची आहे. दोन, बाजारातल्या बादलीला काय म्हणत ते तो सांगतो, पण त्या बादलीचं नाव संगीताला पहिल्यांदा कुणी आणि कधी लावलं ते त्यातून कळत नाही. लुईच्या तोंडून ते सहज निघालं, म्हणजे वादकांच्या बोलण्यात ते आधीपासून असणार, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे.

खारा वारा

सेंट सीरचं म्हणणं वाचून मला काही वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही. माझं बालपण रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ गेलं. मासळी साफ करून देणाऱ्या बायकांच्या पायाशी बादली असतेच. खवले, कल्ले, आतडी सगळं तिच्यात. त्या बादलीकडे कुणी बघत नाही. गिऱ्हाईक वर ताटातल्या तुकड्यांकडे बघतं. मांजरं तेवढी बादलीकडे बघतात.

म्हणून 'तळातला' हा अर्थ मला फार पटतो. वर टेबलावर विकायचा माल, आणि खाली पोटातलं जे निघालं ते. ज्या पोराने असा बाजार पाहिलाय त्याला गाण्याचं असं नाव सुचायला अर्थ ठरवून बसावं लागत नाही. लुईला अर्थ सांगता आला नाही, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाटणारं वाक्य आहे.

उत्तरायण

मी गेली अकरा वर्षं लुइझियानात राहतेय. मासळीबाजाराची गोष्ट इथे सांगतात, पण दुसरी एक त्याहून जास्त वेळा कानावर येते. ती समजायला आधी 'बॅरलहाऊस' समजायला हवं.

बॅरल म्हणजे पिंप. लुइझियाना, टेक्सास, मिसिसिपी या भागांत लाकूडतोडीच्या आणि टर्पेंटाइन काढण्याच्या छावण्या होत्या. जंगलात शेकडो काळे मजूर, आणि आठवड्याच्या शेवटी त्यांच्या हातात थोडे पैसे. त्यांच्यासाठी एक लाकडी खोपटं उभं राहायचं. भिंतीकडेला दारूची पिंपं, त्यांच्यावर किंवा शेजारी फळ्या टाकलेल्या, एक जुगाराचा कोपरा आणि एक पियानो. पियानो वाजवणारा एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरायचा. खोलीत आरडाओरडा, पायांची धडधड, भांडणं. माईक वगैरे नव्हताच. या सगळ्यावर मात करायची म्हणजे डावा हात हातोड्यासारखा पडायला हवा. तसा तो पडू लागला आणि त्या वाजवण्यालाही बॅरलहाऊसच म्हणू लागले. पुढचं बूगी-वूगी हे नाचतं पियानोवादन याच डाव्या हातातून वाढलं. तुमच्या कोशातलं 'आघातांवर जोर' हे त्या खोलीतून आलंय. तो जोर नसता तर नाचणाऱ्यांना ताल ऐकूच गेला नसता.

आता बादली. पिंपाच्या तोटीतून दारू ठिबकत राहते, म्हणून खाली बादली ठेवायची. वेगवेगळ्या पिंपांची ठिबक तिच्यात एकत्र साचायची. ज्याला धड पेला परवडत नाही त्याला त्यातलं स्वस्तात मिळायचं. ती बादली म्हणजे गटबकेट, मग तसली दारू मिळते ती जागा गटबकेट, आणि त्या जागेत वाजतं ते संगीत गटबकेट. या उपपत्तीत 'गट' चा संबंध आतड्याशी लावत नाहीत, ठिबकण्याला आणि गटाराला असलेल्या 'गटर' या इंग्रजी शब्दाशी लावतात.

मला ही उपपत्ती आवडते याचं एक कारण आहे. यात बादलीपासून संगीतापर्यंतचा रस्ता दिसतो. वस्तू, मग जागा, मग त्या जागेचं संगीत. 'बॅरलहाऊस' हा शब्दही असाच चालत आलाय.

आणि एक गंमतीची जागा बघा. त्याच दिवशी केलेल्या तीन तुकड्यांपैकी दुसऱ्या एकाचं नाव आहे 'येस! आय अॅम इन द बॅरल'. ओकेने हे दोन तुकडे एकाच तबकडीच्या दोन बाजूंना काढले. एका बाजूला बादली, दुसऱ्या बाजूला पिंप.

शब्दवेल्हाळ

उत्तरायण, बॅरलहाऊसचं वर्णन फार उपयोगी. पण तबकडीच्या दोन बाजूंवरून काही सिद्ध होतं असं मला वाटत नाही. 'पिंपात असणं' हा त्या काळच्या बोलीत कफल्लक असण्याचा वाक्प्रचार होता. जुगारात अंगावरचे कपडेही गेले, आता लाज झाकायला पिंप तेवढं उरलंय, असं ते चित्र. दारूच्या पिंपाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

आणि वस्तूपासून संगीतापर्यंतचा रस्ता नीट दिसतो म्हणून ती उपपत्ती खरी, असंही म्हणता येणार नाही. शब्दांच्या जन्मकथा बऱ्याचदा मागाहून नीटनेटक्या होतात. 'जॅझ' या शब्दाचंच पाहा. सुगंधी चमेलीच्या अत्तरापासून आला, जॅस्बो नावाच्या वादकापासून आला, आफ्रिकेतल्या अमुक भाषेतून आला, एकाहून एक सुरस कथा आहेत. कागदावर तो पहिल्यांदा सापडतो कुठे? 2 एप्रिल 1912 च्या लॉस एंजेलिस टाइम्समध्ये, बेसबॉलच्या बातमीत. बेन हेंडरसन नावाचा गोलंदाज आपल्या एका वळणाऱ्या चेंडूला 'जॅझ बॉल' म्हणत होता. 1913 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात तो उत्साह, चैतन्य, अंगातली रग या अर्थाने येतो, तोही बेसबॉलच्याच संदर्भात. संगीताला लावलेला तो शिकागोत 1915 मध्ये दिसतो. न्यू ऑर्लिन्सचं संगीत, कॅलिफोर्नियातला शब्द आणि शिकागोत पडलेली गाठ. कुणी आधी ही कथा रचून सांगितली असती तर आपण हसून सोडून दिली असती.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की प्रत्येक उपपत्ती सांगताना 'असं सेंट सीर सांगतो', 'असं लुइझियानात सांगतात' हे शब्द गाळू नका.

चूलखंड

मला संगीतातलं फारसं कळत नाही, पण आतड्यांच्या बादलीबद्दल बोलता येईल.

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीच्या काळात हिवाळ्यात डुकरं कापायचे. चांगलं मांस मालकाच्या घरी. ज्यांनी कापलं, धुतलं, खारवलं, त्यांच्या वाट्याला पाय, कान, शेपटी आणि आतडी. ती आतडी बादलीत भरून घरी न्यायची, तासन्‌तास धुवायची, मंद आचेवर शिजवायची. त्यांना 'चिटलिन्स' म्हणतात. गुलामगिरी गेली, पण पदार्थ राहिला. जत्रेला, नाताळला, घरच्या मेजवानीला आवडीने खाल्ला जाऊ लागला. गटबकेट म्हणजे हीच बादली, असंही मानणारे आहेत.

मी ज्या घरात वाढले तिथे वजडी शिजायची. वजडी धुणं काय असतं ते ज्याने धुतलीय त्यालाच माहीत. गरम पाणी, मीठ, हळद, परत पाणी, परत पाणी. वास हाताला दिवसभर राहतो. आणि शिजल्यावर भाकरीबरोबर जे लागतं ते दुसऱ्या कशात नाही. शाळेतल्या डब्याबद्दल विचारलं की आम्ही मुलं दुसरंच काहीतरी सांगायचो. पुढे मोठेपणी तोच पदार्थ नाव घेऊन, मान वर करून लोकांना खाऊ घातला. म्हणून या शब्दाचा प्रवास मला आतून कळतो. ज्या गोष्टीवरून लोक नाक मुरडतात, तिचंच नाव आपण होऊन आपल्या गाण्याला द्यायचं.

संगीताशी एक खराखुरा दुवाही आहे. वर्णभेदाच्या काळात काळ्या कलाकारांना गोऱ्यांच्या नाट्यगृहांची दारं बंद होती. त्यांना जिथे कार्यक्रम करता येत त्या नाट्यगृहांच्या, क्लबांच्या, गावोगावच्या थांब्यांच्या साखळीला 'चिटलिन सर्किट' म्हणत. न्यूयॉर्कचं अपोलो, शिकागोचं रीगल यांच्यापासून रस्त्याकडेच्या खोपटांपर्यंत. म्हणजे आतडी आणि संगीत यांचं नातं फक्त एका शब्दापुरतं नाही.

शब्दवेल्हाळ

चूलखंड, हा प्रतिसाद मी वाचनखूण म्हणून साठवला. चिटलिन सर्किट हे नाव नंतरचं आहे, त्यामुळे ते पुरावा ठरणार नाही, पण विचार करण्याची दिशा त्यातून फार चांगली मिळते.

टिपरू

एक राहून गेलं. गटबकेट नावाचं वाद्यही आहे. कपडे धुण्याचं पत्र्याचं टब उपडं ठेवायचं. तळाच्या मध्यातून एक दोरी किंवा तार काढायची, ती एका काठीच्या टोकाला बांधायची. काठीचं दुसरं टोक टबच्या कडेवर टेकवायचं. काठी मागे ओढली की दोरी ताणते, स्वर चढतो. सैल सोडली की उतरतो. बास विकत घ्यायला पैसे नसलेल्यांचा तो बास. मेम्फिस आणि लुईव्हिलच्या 'जग बँड'वाल्यांच्या दुनियेतलं हे वाद्य. तिथे मातीच्या किंवा काचेच्या मोठ्या 'जग'मध्ये, म्हणजे बरणीत, फुंकून बास काढत.

याचं मूळ आफ्रिकेतल्या जमिनीवरच्या धनुष्यात मानतात. खड्डा खणून त्यावर साल किंवा कातडं ताणायचं आणि वाकवलेल्या फांदीला दोरीने जोडायचं. खड्डाच वाद्याचा भोपळा. ज्यांना आपलं चौंडकं माहीत आहे त्यांना तार ताणून स्वर हलवण्याची ही युक्ती लगेच कळेल, पण दोघांचं नातं आहे असं मी म्हणत नाही.

तिहाई

मी ट्रम्पेट वाजवतो, वीस वर्षं झाली. मंडळी सगळी बादलीत पाहतायत, मला वाटतं थोडं कर्ण्यातही पाहू या. कारण सांजपाखरू यांच्या श्रोत्यांना शब्दाची कथा दोन मिनिटं लक्षात राहील, पण कशाला गटबकेट म्हणतात हे एकदा कानाला कळलं की विसरणार नाही.

युरोपी पद्धतीत पितळी वाद्य शिकवताना पहिला धडा असतो स्वच्छ, गोल, सरळ स्वराचा. गटबकेटमध्ये तो स्वर जाणूनबुजून खरवडतात. कसा, ते सांगतो.

पहिली गोष्ट गुरगुर. वाजवत असतानाच घशातून आवाज काढायचा. फुंकर आणि घसा एकमेकांवर घासतात आणि स्वर फाटतो. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलात तर सुरुवातीला नुसता खोकला येतो.

दुसरी गोष्ट तोंडावरचं झाकण. मोरी तुंबल्यावर वापरतात ना, काठीला लावलेली रबरी वाटी? तीच, काठी काढून. डाव्या हाताने ती कर्ण्यासमोर उघडायची, मिटायची. स्वर 'वा-वा' असा बोलू लागतो. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये ट्रम्पेटवर बबर माइली आणि ट्रॉम्बोनवर 'ट्रिकी सॅम' नॅन्टन या दोघांनी हे इतक्या उंचीवर नेलं की वाद्य रडतंय की भांडतंय ते कळत नाही. माइली कर्ण्याच्या आत एक छोटी मूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, बसवायचा, बाहेरून रबरी वाटी धरायचा आणि वर घशाची गुरगुर. एका फुंकरीवर तीन कामं.

हे सगळं ज्याच्याकडून आलं तो जो 'किंग' ऑलिव्हर, लुईचा गुरू. पेले, काचेचे ग्लास, बादल्या, मिळेल ते तो कॉर्नेटपुढे धरायचा, असं त्याच्याबरोबरचे वादक सांगत. बादली आली म्हणून लगेच पाचवी उपपत्ती काढू नका, शब्दवेल्हाळ रागावतील.

तिसरी गोष्ट स्वर घसरवणं. किड ओरीचा ट्रॉम्बोन ऐका. दोन स्वरांच्या मधली सगळी वाट तो चिखलातून ओढत नेल्यासारखी नेतो. या वाजवण्याला 'टेलगेट' म्हणतात. न्यू ऑर्लिन्समध्ये बँड घोडागाडीवर बसून जाहिरात करत गावभर फिरायचे. ट्रॉम्बोनची नळी लांब सरकते, शेजाऱ्याच्या डोक्यात बसायची, म्हणून ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या फळीपाशी बसवत. ती फळी म्हणजे टेलगेट. हे नावही वस्तूवरून जागेला आणि जागेवरून शैलीला गेलंय, तेव्हा उत्तरायण यांचा रस्ता अगदीच काल्पनिक नाही.

आणि डॉड्स. तो क्लॅरिनेटवर स्वर किंचित खाली दाबून धरतो. बेसूर होत नाही, पण सुरात येऊनही बसत नाही. तिथेच ब्लूज राहतो.

माझी सूचना: 'गट बकेट ब्लूज' च्या आधी किंग ऑलिव्हरच्या बँडचं 1923 चं 'डिपर माउथ ब्लूज' लावा. त्यातला ऑलिव्हरचा कॉर्नेटचा तुकडा ऐकला की पुढचं काही समजावून सांगावं लागणार नाही. दुसऱ्या कॉर्नेटवर आपला लुई आहे, 21 वर्षांचा.

सांजपाखरू

तिहाई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच डिपर माउथ शोधून ऐकलं. रबरी वाटीचं मला ठाऊकच नव्हतं. बैठकीत ती वाटी दाखवणार आहे.

आता पुढचा प्रश्न. मराठीत याला काय म्हणावं? 'आतड्यांची बादली जॅझ' म्हटलं तर मंडळी उठून जातील. 'पोटतिडीक' या शब्दापाशी मी घुटमळतेय. आपल्याकडेही आतून येणारी गोष्ट पोटातून येते. आतडं तुटतं, पोटात कालवतं, पोटतिडकीने बोलतो.

चूलखंड

पोटतिडीक स्वच्छ शब्द आहे. सभेत भाषण करणारा माणूसही पोटतिडकीने बोलतो. यात बादली कुठाय? वास कुठाय?

खारा वारा

चूलखंड यांच्याशी सहमत. 'रांगडं' जवळ जातं, पण रांगड्यात शेतातली मोकळी हवा येते. ही बंद खोलीतली, घामाची गोष्ट आहे.

शब्दवेल्हाळ

वासाचा मुद्दा फार मोलाचा आहे. याच घराण्यातला दुसरा शब्द 'फंकी'. मूळ अर्थ कुबट, घामट वास मारणारा. न्यू ऑर्लिन्सच्या पर्डिडो रस्त्यावर युनियन सन्स हॉल नावाची नाचाची जागा होती. तिथे बडी बोल्डन वाजवायचा. ज्याचं एकही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही आणि तरी ज्याच्यापासून लोक जॅझची सुरुवात धरतात, तो. 1907 मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि 1931 मध्ये तो तिथेच वारला. त्या हॉलला लोक 'फंकी बट हॉल' म्हणत, त्याच्या एका गाण्यावरून. गर्दीने कोंदलेल्या खोलीच्या वासाचंच ते गाणं.

1950 च्या दशकात जॅझवाले हाच शब्द कौतुकाने वापरू लागले. मातीतलं, अस्सल, ब्लूजमध्ये भिजलेलं वाजवणं म्हणजे फंकी. पुढे फंक हा संगीतप्रकारच झाला. गटबकेट, फंकी, 'लो-डाऊन', 'डर्टी' हे सगळे शब्द आधी नाक मुरडायला होते आणि मग वादकांच्या तोंडी ते शाबासकीचे झाले. तुझ्या स्वराला वास येतो, ही दाद.

मांडवीकाठ

उशिरा आलो, पण एक धागा मुंबईकडे येतो तो जोडतो.

28 मे 1926 रोजी शिकागोत एर्स्किन टेटच्या व्हेन्डोम ऑर्केस्ट्राने दोन तुकडे मुद्रित केले, 'स्टॅटिक स्ट्रट' आणि 'स्टॉम्प ऑफ, लेट्स गो'. गट बकेट ब्लूजनंतर सहा-सात महिन्यांनी. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगच. आणि पियानोवर टेडी वेदरफर्ड. पियानो असा वाजतो की लुई असूनही कान तिकडे जातो. तोच वेदरफर्ड त्याच वर्षी शिकागो सोडून पूर्वेकडे निघाला. शांघाय वगैरे करत तो 1930 च्या दशकात मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे युद्धाच्या काळात कलकत्त्याला गेला आणि 1945 मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला. लुईच्या शेजारी बसून वाजवलेला हात मुंबईने समोर बसून ऐकलाय.

त्या काळात आमच्या गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत होते. चर्चच्या शाळांमधून त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचता यायची, व्हायोलिन, कॉर्नेट यायचं. पण तिहाई म्हणतात ती गुरगुर कागदावर लिहून येत नाही. ती तबकड्या ऐकून आणि अशा माणसांच्या शेजारी उभं राहून घ्यावी लागते. हळदोण्याचे आंतोनिओ शावियेर वाझ म्हणजे चिक चॉकलेट यांनी ती अशी घेतली की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे आपले चितळकर अण्णा, यांनी त्यांना आपल्या गाण्यांत वाजवायला घेतलं. 'अलबेला' (1951) मध्ये चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. त्या गाण्यांतला ट्रम्पेट या धाग्यानंतर पुन्हा ऐका. जिथे स्वर मुद्दाम फाटतो तिथे मला न्यू ऑर्लिन्सचा बाजार दिसतो.

उत्तरायण

मांडवीकाठ, वेदरफर्डचं मला काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं लुइझियानात राहून हे मला मराठी धाग्यावर कळलं. मनापासून आभार.

शब्दवेल्हाळ, दारूच्या बादलीवर मी आता तितकी ठाम नाही. सांजपाखरू यांनी आधी सेंट सीर सांगावा, मग बाकीच्या बादल्या.

सांजपाखरू

बैठक झाली, म्हणून कळवायला आले.

आधी काहीच बोलले नाही. डिपर माउथ लावलं, मग गट बकेट ब्लूज. संपल्यावर पहिला प्रश्न आला, हा मधेमधे ओरडतोय तो कोण? मग दुसऱ्यांदा लावलं आणि प्रत्येक हाकेला त्या त्या वादकाचं नाव सांगत गेले. रबरी वाटी हातोहात फिरली. एकांनी ती तोंडापुढे धरून 'वा-वा' करून पाहिलं आणि जमलंही.

शब्द मराठीत आणला नाही. 'गटबकेट' तसाच ठेवला. सांगितलं ते असं: मासळीबाजारात टेबलाखाली जी बादली असते तिचं हे नाव, असं बँजो वाजवणारा सेंट सीर सांगतो. काही जण ती दारूच्या पिंपाखालची म्हणतात, काही जण डुकराच्या आतड्यांची. चूलखंड, तुमची परवानगी न विचारता वजडीचं सांगितलं. त्यावर आमच्यातल्या एक मावशी, ज्या तीन वर्षांत बैठकीत फार बोललेल्या नाहीत, त्या त्यांच्या माहेरची वजडी कशी धुवायचे ते सविस्तर सांगू लागल्या. चहा निवला तरी कुणी उठलं नाही.

तिसऱ्यांदा लावायला त्यांनीच सांगितलं. आणि पुढच्या शनिवारसाठी मंडळींनी 'स्टॅटिक स्ट्रट' मागितलंय, टेडी वेदरफर्डसाठी. बैठक मावशींच्या घरी आहे.